लेकरामागं एक रेघ

अर्ज वाचून झाला तसा मामांनी तो पालथा घातला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर मोगऱ्याची परडी ठेवली. मला वाटलं, पटला.

"लिवलंस लई चांगलं, माय," ते म्हणाले. "पण जे मागू नये तेच मागितलंस."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. रेल्वेत चावीवाला म्हणून लागले. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेला पल्ला पायी चालायचा, ढिली झालेली चावी ठोकायची, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी घेऊन पळायचं. शेवटची काही वर्षं ते फाटकावर गेटमन होते. आता मुदखेडजवळच्या शेतात मोगरा आणि काकडा बघतात. मी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातली काही लेकरं रुळांच्या पलीकडच्या वस्तीतून येतात. फाटकाकडून आलं तर बरंच अंतर पडतं आणि त्या रस्त्याला ट्रकची वर्दळ. म्हणून ती सरळ येतात, खडीवर चढून, रूळ ओलांडून, पलीकडच्या उतारावरून दप्तर सावरत. अर्जात मी एवढंच मागितलं होतं की ती जिथून ओलांडतात तिथंच रुळांमध्ये फरशी टाकावी, दोन्ही बाजूंना कठडा करावा, गाडीची सूचना देणारा दिवा लावावा आणि शाळेच्या वेळेला एक माणूस उभा करावा.

"यात काय चुकलं?"

"चुकलं काय, ते तुला माहीत नाई, कारण तू गाडी खालून बघितलीस. म्या ती समोरून बघितली. तासाला शंभर किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला डायवरनं सगळा ब्रेक मारला, तरी ती थांबायला आठशे मीटर, हजार मीटर घेती. त्याला लेकरू दिसलं तवाच उशीर झालेला असतो. त्याच्या हातात फक्त शिट्टी. आणि तू म्हणतीस फरशी टाका! फरशी टाकली म्हंजे तू त्या लेकराला सांगितलंस, ये बाबा, हा रस्ता तुझा हाय. रूळ हा रस्ता नाई. कुणाचाच नाई."

ते कायद्यावर आले. फाटकावर काम केलेल्या माणसाला काही कलमं तोंडपाठ असतात. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७ : हक्क नसताना रेल्वेच्या हद्दीत शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी म्हटलं, "माझ्या पहिलीच्या वर्गातल्या लेकरांना अजून सातवं पुरं व्हायचंय. सात वर्षांखालच्या मुलाची कुठलीही कृती या देशाच्या कायद्यात गुन्हा ठरत नाही. मग तुमचं कलम लागणार कुणाला?"

"कलम नाई लागणार. गाडी लागल."

यावर मला उत्तर नव्हतं. त्यांनी ते जिंकल्यासारखं म्हटलंही नव्हतं. परडीतली फुलं निवडता निवडता म्हटलं होतं.

*

मुदखेड हे जंक्शन आहे. निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडकडे जाणारा मीटरगेज रस्ता इथून गेला आणि किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणारा फाटाही इथंच फुटतो. मामांच्या लहानपणी लोक आगगाडीच्या येण्यावर वेळ ओळखायचे, आणि रूळ ओलांडणं म्हणजे ओढा ओलांडण्याइतकंच होतं. मग गेज बदललं. परभणी ते मुदखेड या सुमारे ८१ किलोमीटरच्या मार्गाचं दुहेरीकरण झालं. वर विजेच्या तारा आल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मुदखेड ते मेडचल या पुढच्या टप्प्याच्या दुहेरीकरणालाही मंजुरी दिली. गाड्या वाढल्या आणि वाढणार आहेत. मराठवाड्यानं त्यासाठी वर्षानुवर्षं मागण्या केल्या, मोर्चे काढले. गाडी नको असं इथं कुणीच म्हणत नाही. मीही नाही.

"म्हंजे बग," मामा म्हणाले, "पहिलं एक रूळजोडी होती, लेकरू एकदा इकडं बघायचं, एकदा तिकडं. आता दोन. एका गाडीच्या आडून दुसरी येती. लेकरू पहिली गाडी जाण्याची वाट बघतं, तिचा शेवटचा डबा गेला की सुटतं पळत. आणि शेजारच्या रुळावरची त्याला दिसलेलीच नसती."

इथं आमचं जुळलं. मला एल्सनम आठवलं. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं हे छोटं स्टेशन. ३ डिसेंबर २००५ ला तेरा आणि चौदा वर्षांच्या दोन मुली तिथं पायी ओलांडायच्या फाटकातून पलीकडच्या फलाटाकडे निघाल्या. एक गाडी गेली. लाल दिवा आणि भोंगा तरी चालूच होता, कारण दुसऱ्या बाजूनं दुसरी गाडी येत होती. मुलींना वाटलं, हा इशारा गेलेल्या गाडीचाच. फाटकाला कुलूप नव्हतं. दोघी गाडीखाली गेल्या. त्यांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तिथल्या धोक्याचा अंदाज आधी कागदावर घेतलेला होता, तो बाहेर आला. २०१२ मध्ये रेल्वेचं जाळं सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलला दहा लाख पौंड दंड झाला. आता तिथं पादचारी पूल आहे, आणि गाडी येताना फाटकाला कुलूप पडतं.

मामा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिथं तर दिवा होता, भोंगा होता, फाटक होतं. तू अर्जात जे जे मागतीस ते सगळं होतं."

मी गप्प झाले. एल्सनमची गोष्ट मी माझ्या बाजूनं सांगायला घेतली होती, आणि ती त्यांच्या बाजूला जाऊन बसली.

*

लहान मूल म्हणजे कमी उंचीचं मोठं माणूस, असं समजून आपण रस्ते बांधतो. वर्गात रोज उभं राहिल्यावर हे खोटं असल्याचं कळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एखादी वस्तू किती दूर आहे हे सांगता येतं, पण ती किती वेगानं येते आहे हे नीट सांगता येत नाही. डोळ्यासमोर मोठी मोठी होत जाणारी आकृती वेगात बदलून समजून घेणं ही मेंदूची कामगिरी आहे आणि ती वयानं येते. आगगाडीची गोष्ट आणखी अवघड, कारण अवाढव्य वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येतेय असं मोठ्यांनाही वाटतं. त्यात समोरून येणारी गाडी नजरेत बाजूला सरकत नाही, जागच्या जागी फुगत जाते. विजेचं इंजिन डिझेलसारखं दुरून धडधडत नाही. पलीकडे मैत्रीण उभी असेल तर लेकराचं सगळं लक्ष मैत्रिणीत.

मामांना हे पटलं, पण त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा. "मग भीती घाल. माझ्या आईनं मला विहिरीची घातली होती तशी. तुमी शिकवायला जाता आणि भीती काढून टाकता."

"विहिरीला कठडा बांधल्यावर भीतीचं काम कमी झालं ना?"

"कठडा बांधला, पण कठड्याला दार नाई ठेवलं कुणी."

मुंबईचा दाखला मी दिला. २००९-१० च्या सुमारास हार्बर मार्गावरच्या वडाळ्याजवळ एक साधा प्रयोग झाला. माणसं जिथून रूळ ओलांडायची तिथल्या काही स्लीपरना ठरावीक अंतरानं पिवळा रंग दिला. रंगाचे पट्टे गाडीखाली भराभर नाहीसे होताना दिसले की वेगाचा अंदाज येतो. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचा फोटो लावला. एका लांब शिट्टीऐवजी दोन छोट्या शिट्ट्या द्यायला सांगितल्या, कारण मधल्या शांततेनं कान टवकारतात. तिथले मृत्यू कमी झाले. म्हणजे ओलांडणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला गाडी ओळखू येईल असं काही केलं तर तो ओळखतो.

"मोठा माणूस," मामा म्हणाले. "तूच आत्ता सांगितलंस, लेकराचं डोकं तसं नसतं. मग पिवळा रंग कुणासाठी?"

माझीच वाक्यं ते अशी परत करत होते. पण मला राग आला नाही. तीस वर्षं रुळाकडे बघत काढलेल्या माणसाला रूळ आणि माणूस यांचं काही जमेल यावर विश्वासच उरलेला नव्हता, आणि तो अविश्वास प्रेमातून आलेला होता.

*

त्यांच्या मनात मासायपेठ होतं. २४ जुलै २०१४ ला सकाळी नांदेडहून सिकंदराबादला जाणारी पॅसेंजर तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यात, मासायपेठ गावाजवळच्या विनाचौकीदार फाटकावर शाळेच्या बसवर आदळली. पंधराहून अधिक मुलं गेली. नांदेडहून निघालेली ती गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करत पुढं गेली होती.

"आपल्या फलाटावरून गेलेली गाडी," मामा म्हणाले. "त्या दिवशी डबा उघडला नाई म्या. त्याच्या आधी आमाला वाटायचं, जिथं माणूस नाई तिथं निदान पाटी हाय. पाटी वाचायला बसचा डायवर थांबला नव्हता. मग मोहीम निघाली. ब्रॉडगेजवरचं एकेक विनाचौकीदार फाटक बंद केलं, नाईतर माणूस ठेवला, नाईतर खालून रस्ता काढला. जानेवारी २०१९ च्या शेवटाला एक बी उरलं नाई. एवढं मोठं काम या देशात झालंय आणि तू मला सांगतीस, नवं पायफाटक काढा."

मी हे काम लहान मानत नाही. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीनं फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात सगळीच समपातळीवरची फाटकं पाच वर्षांत काढून टाकावीत असं सांगितलं होतं आणि खर्च सुमारे ५० हजार कोटी धरला होता. त्याच अहवालात दुसरा एक आकडा आहे. रुळांवर शिरल्यामुळे वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यातली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. आणि ही माणसं रेल्वेच्या अपघातांच्या हिशोबात येत नाहीत. गाडी घसरली, गाडीवर गाडी आदळली, फाटकावर वाहन सापडलं, तर तो रेल्वे अपघात. चालत ओलांडणारा मेला तर तो घुसखोर.

"८ मे २०२० आठवतं?" मी विचारलं.

आठवत होतं. आमच्याच नांदेड विभागात, बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान, जालन्याहून घराकडे पायी निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर पहाटे मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असं समजून ते रुळांवरच टेकले होते.

"तो रस्ता नव्हता, मामा. पण त्यांना दुसरा रस्ता कुठं दिसत होता?"

मामांनी नुसती मान हलवली. मग उठून आत गेले आणि दोन कप चहा घेऊन आले. मामी बाजारात फुलं घेऊन गेली होती.

*

चहा पिताना मी त्यांना माझ्या वर्गातली गोष्ट सांगितली. दुसरीतल्या एका मुलीनं फळ्यावर लिहून विचारलं होतं, "बाई, सी फा म्हणजे काय?" वाचायला नवीनच शिकलेली मुलं दिसेल ते वाचतात. रुळाकडेच्या पिवळ्या पाटीवर तिनं वाचलं होतं, सी/फा. मी घरी येऊन शोधलं. सीटी, फाटक. पुढं फाटक आहे, शिट्टी वाजवा.

मामा हसले. "फाटकाच्या सहाशे मीटर अलीकडं ती पाटी असती. डायवर तिथून शिट्टी धरतो. फाटकावर बसून ऐकलेली शिट्टी झोपेत बी ओळखू येती."

"आणि फाटक काढून टाकलं की?"

"मग पाटी बी निघती. फाटकच नाई तर शिट्टी कशाला?"

"आणि त्या जागेवरून लेकरं ओलांडतच राहिली तर?"

मामांनी कप खाली ठेवला.

मला वाटतं, त्या दुपारी पहिल्यांदा ते फाटकाच्या बाजूनं नाही तर वाटेच्या बाजूनं विचार करू लागले. वाट फाटकाच्या आधीची असते. शेत, वस्ती, शाळा, देऊळ, पाणवठा यांच्यामध्ये माणसांनी पायांनी पाडलेली. रूळ नंतर येतात आणि वाटेला आडवे जातात. फाटक काढलं म्हणून वाट मिटत नाही. फक्त तिच्यावरची शिट्टी बंद होते, दिवा जातो आणि झेंडीवाला माणूस जातो. कागदावर धोका संपलेला असतो.

"खालून रस्ता देतात की त्याच्या बदल्यात," मामा म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"देतात. कुठं देतात? जिथं मोटारीला वळायला सोपं तिथं. आणि पावसाळ्यात?"

पावसाळ्याबद्दल मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. भुयारी मार्ग म्हणजे जमिनीपेक्षा खोल गेलेला रस्ता. चारी बाजूंचं पाणी उतारानं तिथंच येतं. काळ्या मातीच्या रानात ते जिरत नाही. पंप असला तर बंद, नाली असली तर गाळानं भरलेली. मोटारसायकलवाला पाय वर करून निघून जातो. सात वर्षांच्या मुलाच्या छातीला ते पाणी लागतं. मग मूल वर चढतं, खडीवर, रुळांवर. आणि उन्हाळ्यात पाणी नसतं तेव्हा आत अंधार असतो. थोरल्या मुली मला सांगतात, "बाई, तिथं पोरं बसलेली असतात." आई म्हणते त्यापेक्षा रूळ बरा. गाडी निदान शिट्टी वाजवते.

"पूल कर म्हण मग."

"जिन्याचा? चाळीस-पन्नास पायऱ्या चढून, तेवढ्याच उतरून? दप्तर, सायकल, कडेवर धाकटं भावंड? म्हातारं माणूस जाईल का? तुम्ही गेला असता का?"

"नसतो गेलो," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. "फाटकावर असताना बी स्टेशनच्या पुलावरून कधी गेलो नाई. उभ्या मालगाडीखालून वाकून जायचो." मग एकदम थांबले आणि म्हणाले, "हे लेकरांना सांगू नको."

उभ्या मालगाडीखालून. जंक्शनच्या गावात हे सगळ्यांना माहीत असतं. सिग्नलला थांबलेली लांबच लांब मालगाडी वाट अडवून उभी असते. शाळेची घंटा होत आलेली असते. मुलं दोन डब्यांच्या मधून, चाकांच्या खालून जातात. गाडीला सिग्नल मिळाल्याचं खाली वाकलेल्या मुलाला कळत नाही. इतक्या डब्यांतून पुढून मागं येणारा झटका पोहोचायला थोडा वेळ लागतो, आणि तो पोहोचतो तेव्हा क्षणात पोहोचतो. मी वर्गात कितीही सांगितलं, तरी ज्या गावात बाप वाकून जातो त्या गावात मूल वाकणारच.

*

परडीखालचा अर्ज मामांनी पुन्हा काढला. या वेळी चष्मा लावला.

"यात आकडा कुठंय?"

"कसला?"

"आकड्याबिगर रेल्वेत पान हालत नाई." आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

फाटकावरची वाहतूक मोजतात. सात दिवस, रात्रंदिवस. पाळीवर असेल त्या गेटमननं वहीत रेघा मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. ट्रक गेला, एक. जीप, एक. बैलगाडी, एक. टांगा, एक. ऑटोरिक्षा अर्धा, सायकलरिक्षा अर्धी. आगगाडी एक. मग रस्त्यावरच्या युनिटांची बेरीज आणि गाड्यांची बेरीज यांचा गुणाकार करायचा. त्याला टीव्हीयू म्हणतात. हा गुणाकार एक लाखाला पोहोचला की रेल्वे आणि राज्य मिळून खर्च करायच्या उड्डाणपुलाचा विचार होतो. फाटकाचा वर्ग, माणसं किती ठेवायची, पूल करायचा की नाही, यातलं बरंच या एका आकड्यावर ठरतं. फाटकांचे वर्गही आहेत, स्पेशल, ए, बी, सी. आणि डी वर्ग गुरांच्या वाटेसाठी.

"पायी चालणारं लेकरू किती?" मी विचारलं.

मामा चष्मा पुसत राहिले.

"त्याला रकाना नव्हता, माय."

"अर्धा बी नाही?"

"काहीच नाई. म्या रेघा मारत बसलेलो असायचो आणि पोरं माझ्यासमोरून जायची. 'काका, गाडी कुठवर आली' विचारायची. एखादं माझ्या वहीत डोकावायचं. त्याच्यासाठी रेघ मारायची नसायची. टांगे तर कधीच बंद पडले होते, पण टांग्याला रकाना होता."

रोज चाळीस गाड्या आणि रोज दीडशे मुलं धरली तर गुणाकार शून्य. मला हे ऐकून जे वाटलं ते लिहिणं अवघड आहे. कुणी दुष्टपणानं हा नियम केलेला नाही. पूल वाहनांसाठी बांधायचे, म्हणून वाहनं मोजली. पण त्याचा परिणाम असा की रुळाजवळून जाणाऱ्यांत ज्याला सगळ्यात कमी दिसतं, ज्याला वेगाचा अंदाज येत नाही, तेच हिशोबात नाही. जिवंत असताना युनिटात नाही आणि मेल्यावर अपघातात नाही.

"म्हणून सांगलालो," मामा म्हणाले, "फरशी नको मागू. दिवा नको मागू. पहिलं मोजणी माग. लेकरं मोजा म्हण. मोजल्यावर जे करायचं ते करा."

"आणि मोजल्यावर ते म्हणाले की फाटकाकडून फिरून जा?"

"फाटकाकडूनच जावं असं मला अजून बी वाटतं. पूल होईस्तोवर."

"आयांना सकाळी वेळ नसतो, मामा. फुलं तोडायला पहाटे गेलेल्या असतात. लेकरू एकटंच निघतं. ते फिरून जाणार नाही."

"मग तू जाऊन आण."

आम्ही या मुद्द्यावर त्या दिवशी भांडलो आणि अजून भांडतो. मी काही दिवस पलीकडे जाऊन मुलांना रांगेनं फाटकाकडून आणून पाहिलं. आठवडाभर जमलं. नंतर दुसरी कामं आली, रांग तुटली. मामा म्हणतात, तुटली कारण तू सोडलीस. मी म्हणते, एका बाईच्या पायावर जी सुरक्षा उभी राहते ती बाई आजारी पडली की झोपते.

*

त्या दुपारी एक गोष्ट मात्र मी त्यांना वाचून दाखवली आणि ती त्यांना आवडली. शिक्षणहक्क कायद्याच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत सहाव्या क्रमांकाचा नियम आहे. पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत शाळा, आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच नियमात पुढं म्हटलंय की जिथं घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल, तिथं तो टळेल अशा रीतीनं शाळा असावी, अंतराची मर्यादा कमी करावी.

"म्हंजे रूळ आडवा आला तर पलीकडं शाळा पाहिजे?"

"असा त्याचा सरळ अर्थ निघतो."

"मग भांडण रेल्वेशी काहून करतीस? शाळाखात्याशी कर."

त्यांचं बरोबर होतं, आणि उलटही घडत आलंय. २०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत पाठवायचं ठरलं. 'जवळ' हे नकाशावर मोजलेलं असतं. नकाशावर ओढा आणि रूळ या नुसत्या रेषा असतात.

दुसरीकडे रेल्वे अधिनियमाचं १७ वं कलम म्हणतं, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था अशा जास्तीच्या ओलांडणीची मागणी करू शकते, पण खर्च मागणाऱ्यानं द्यायचा. म्हणजे अर्ज रेल्वेकडे गेला तर रेल्वे विचारणार, पैसे कोण भरणार. जिथं पैसे भरायचे तिथं गेलं तर विचारणार, जागा कुणाची. मी याआधी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की हा विषय आमचा नाही. पुढच्या कार्यालयातही तसंच. कुणी उर्मट नव्हतं. मूल दोन हद्दींच्या मधल्या खडीवर उभं होतं आणि दोन्हीकडच्या खुर्च्या आपापल्या जागी बरोबर होत्या.

मामांनी माझ्या अर्जातल्या दोन ओळी खोडल्या. फरशी आणि दिवा. त्या जागी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं : "वाट जिथे आहे तिथेच, फक्त पायी माणसांसाठी, रुळाखालून आडवा रस्ता, पाणी आपोआप बाहेर जाईल असा, आरपार उजेड दिसेल असा, पायऱ्या नसलेला." 'तिथेच' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. थोड्या वेळापूर्वी तेच मला म्हणत होते की लेकरांनी फाटकाकडून फिरून जावं.

"गाडीखाली जागा करायची तर भराव तेवढा उंच पाहिजे," ते म्हणाले. "त्या ठिकाणी हाय. म्या तिथून चाललोय. मोटारीसाठी खोल खणावं लागतं. लेकराला किती उंची लागती?"

हे मला सुचलं नव्हतं. ट्रक जाऊ शकेल असा भुयारी मार्ग खोल जातो म्हणून त्यात पाणी भरतं. फक्त माणूस जाईल एवढी मोरी बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या पातळीवरच निघू शकते. जिथं भराव उंच आहे तिथं पावसाच्या पाण्यासाठी मोऱ्या असतातच. पाण्याला वाट दिलेली असते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शाळेच्या वेळेआधी हजर. रुळांपासून लांब, रेल्वेच्या हद्दीबाहेरच्या लिंबाखाली त्यांनी पोतं अंथरलं. हद्द कुठं संपते हे त्यांना दगडांवरून माहीत होतं. मांडीवर शाळेची चारशे पानी वही. रकाने त्यांनी रात्रीच आखले होते : एकटं, मोठ्याचा हात धरून, घोळक्यात, सायकल ढकलत. वेळ लिहायची, गाडी कुठली गेली ते लिहायचं, कुठल्या रुळावरून ते लिहायचं. सात दिवस मोजायचं, नियमाप्रमाणे. अर्जाला जोडायचं.

"कोण मानणार हे?" मी विचारलं. "तुम्ही आता नोकरीत नाही."

"न मानू दे. त्यांना म्हणायचं, खोटं वाटत असल तर तुमी मोजा."

मुलं यायला लागली. मामांचा हात जुन्या सवयीनं चालू झाला. चार उभ्या, पाचवी आडवी. एकदा ते बसल्या जागेवरून ओरडले, "ए, थांब! डाऊनची येती!" मुलं थांबली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं गाडी आली आणि गेली. मामांनी दुसऱ्या रुळाकडे दोन्ही बाजूंना बघितलं आणि मग हात हलवला.

शेवटी माझ्या वर्गातली एक मुलगी आली, तीच, सी/फा वाचणारी. दप्तर पाठीवर, आणि कडेवर दीड-दोन वर्षांचा भाऊ, अंगणवाडीत सोडायचा. खडीवर तिचा पाय घसरत होता, तोल सांभाळत ती रुळापाशी आली. मामांनी पेन्सिल टेकवली आणि थांबले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कडेवरच्याला वेगळी रेघ मारायची का?"